दोन ठोके आणि एक टाळी

वेड पांघरून पेडगावास जाण्याची म्हण मराठीत रूढ आहे. तीतील पेडगाव भीमेच्या काठचे, बहादूरगडाचे, असे जाणकार सांगतात. आम्ही गेल्या पौषात गेलो ते पेडगाव निराळे. परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर त्याच नावाचे एक लहानसे स्टेशन आहे. त्या स्टेशनाचे, काळ्या रानातले, कपाशीचे हे गाव. तेथे जाताना आम्ही वेड पांघरले नव्हते. ते तेथे पोहोचल्यावर लागले, व त्याचीच हकीकत येथे सांगावयाची आहे.

ज्या स्नेह्यांकडे आम्ही उतरलो होतो, त्यांनी सायंकाळी कबड्डीचा सामना पाहावयास नेले. एका बाजूस गावची मुले, दुसऱ्या बाजूस शेजारच्या गावची. थंडी पडू लागली होती, धुळीचा पडदा उन्हात लोंबत होता, आणि रेघेबाहेर बसलेली पन्नाससाठ पोरे आपल्या गड्यांस चेव आणण्यासाठी ओरडत होती. इतक्यात तो ओरडा थांबला व त्याच्या जागी एक ठेका सुरू झाला. उजवा पाय, डावा पाय, टाळी, आणि मग एक मात्रा रिकामी. पुन्हा दोन पाय, एक टाळी, आणि खाली. डफ नाही, ताशा नाही, हलगी नाही. अनवाणी पाय आणि हात एवढीच सामग्री. त्या रिकाम्या मात्रेत सारे मैदान श्वास रोखून धरी.

ठेका आमच्या ओळखीचा होता. क्वीन नावाच्या इंग्रजी रॉक मेळ्याने तो १९७७ मध्ये लंडनमध्ये ध्वनिमुद्रित केला. मुलांस आम्ही विचारले तेव्हा कोणी सांगितले की तो क्रिकेटच्या सामन्यात वाजतो, कोणी म्हणाले मोबाईलवर ऐकला, एकाच्या मते तो त्याच्या मामाने शोधून काढलेला होता. क्वीन हे नाव एकासही ठाऊक नव्हते. ग्रंथकर्त्याचे नाव विसरले जावे आणि ओवी जात्यावर राहावी, तसा हा प्रकार.

पन्नास वर्षांच्या घरात आलेली ही गोष्ट अद्याप टवटवीत कशी, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात घोळत आहे. ह्यावर तयार उत्तरे पुष्कळ आहेत. कोणी व्यापाऱ्यांच्या जाहिरातींकडे बोट दाखवितात, कोणी २०१८ च्या बोलपटाकडे, कोणी नव्या यंत्रांकडे. परंतु तीच यंत्रे व तेच व्यापारी इतर शेकडो मेळ्यांच्याही दिमतीस होते, आणि त्यांतील बहुतेकांची नावे आज जुन्या तबकड्यांच्या वेष्टनांवरच उरली आहेत. तेव्हा कारण अन्यत्र शोधले पाहिजे. आम्हांस ते मराठी व्याकरणातील एका बारीक भेदात सापडले, असे म्हटल्यास वाचक हसतील. त्यांनी थोडा धीर धरावा.

‘मेळा’ हा शब्द आम्ही बुद्ध्या योजला आहे. इंग्रजीत ज्यास बँड म्हणतात त्यास आपल्याकडे लग्नाच्या वरातीचा वास येतो. जुन्या गणेशोत्सवांतील मेळे ज्यांनी पाहिले किंवा वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले, त्यांस ठाऊक आहे की मेळ्याचे गाणे समोर जमलेल्या लोकांवाचून पुरे होत नसे. क्वीनची जात हीच.

ह्या मेळ्याचा मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी. त्याचे जन्मनाव फारोख बुलसारा; जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांजिबार बेटावर, एका पारशी कुटुंबात. बुलसार म्हणजे आजचे वलसाड, आणि आडनाव तेथलेच. वडील बोमी बुलसारा इंग्रज सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. मुलास चांगले शिक्षण मिळावे म्हणून आईबापांनी त्यास वयाच्या आठव्या वर्षी समुद्रापार पाठविले, ते आपल्या सातारा जिल्ह्यातील पाचगणीस, सेंट पीटर्स ह्या वसतिगृहाच्या शाळेत.

पाचगणीचे वर्णन मराठी वाचकांस नको. चेसन नावाच्या इंग्रजाने १८६० नंतरच्या दशकात ती वसविली, हवेमुळे तेथे शाळा निघाल्या, आणि दूरदेशीच्या व्यापाऱ्यांची व नोकरदारांची मुले तेथे वाढू लागली. वर टेबललँडचे सपाट पठार, खाली कृष्णेचे खोरे, आणि पावसाळ्यात चार महिने धुके. अशा ठिकाणी आठ वर्षांचे पोर झांजिबारहून येते. घरी जाणे म्हणजे जहाजाचा प्रवास. तेव्हा सुट्ट्या पुष्कळदा मुंबईस आजी व मावशी ह्यांच्याकडे. शाळेत तो पियानो शिकला, गायनवृंदात गाऊ लागला, मुष्टियुद्धही खेळला. ‘फ्रेडी’ हे नाव त्यास तेथेच मिळाले. १९५८ च्या सुमारास त्याने व चार शाळासोबत्यांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा एक मेळा काढला व क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड प्रभृतींची त्या काळी गाजत असलेली गाणी ते शाळेच्या समारंभांत वाजवू लागले. मौज अशी की ह्या मेळ्याचा मुख्य गायक दुसराच मुलगा होता. पुढे ज्याच्या आवाजावर लाखो माणसे उठली व बसली, तो पाचगणीस पियानोवर बसून साथ करीत असे. सोबत्यांपैकी एक पुढे नेपाळच्या सैन्यात लेफ्टनंट जनरल झाला, एक इंग्लंडात नट झाला.

ह्या हकीकतीवरून मर्क्युरी ‘आपला’ असे म्हणण्याचा मोह आपल्याकडील वृत्तपत्रांस वारंवार होतो. आम्हांसही झाला. पण खरे बोलावयाचे तर त्याने आपणांस कधी आपले म्हटले नाही. त्याने नाव बदलले. मुलाखतींत पाचगणी, मुंबई व झांजिबार ह्यांचा उल्लेख तो क्वचितच करी. त्याच्या हयातीत क्वीनचा कार्यक्रम भारतात झाला नाही. इंग्लंडातील त्याच्या कित्येक चाहत्यांस तो हिंदी वंशाचा आहे ह्याची वार्ताही नव्हती. त्या काळच्या इंग्लंडात सावळ्या कातडीच्या तरुणास रस्त्यात काय ऐकावे लागे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या मौनास भेकडपणा म्हणण्याची जीभ होत नाही. तथापि मौन ते मौनच. पाचगणीने त्यास पियानो दिला, गायनवृंद दिला, आणि अनोळखी मुलांच्या गर्दीत आपले स्थान मिळविण्याची गरज दिली, एवढेच आम्ही म्हणू. शेवटचे आमचे अनुमान आहे. पण आईबापांपासून हजारो मैल दूर, रात्री वीस खाटांच्या खोलीत निजणाऱ्या पोरास समोरच्या चमूस जिंकण्याची कला अवगत झाली नाही तर त्याचे कठीणच.

पुढील काही वर्षे आम्ही भराभर ओलांडतो. जानेवारी १९६४ मध्ये झांजिबारात क्रांती झाली, रक्तपात झाला, आणि बुलसारा कुटुंब दोनचार पेट्या घेऊन लंडनजवळील फेल्टम येथे आले. फारोख ईलिंगच्या कलाशाळेत आलेखनकला शिकला. तेथे त्याची ओळख ‘स्माईल’ नावाच्या मेळ्याशी झाली. त्यात ब्रायन मे गिटार वाजवी व रॉजर टेलर ढोल. १९७० मध्ये ह्या तिघांचा नवा मेळा उभा राहिला, त्यास क्वीन हे नाव मर्क्युरीने दिले आणि त्याचे मानचिन्हही त्यानेच रेखाटले. १९७१ मध्ये जॉन डीकन हा चौथा येऊन मिळाला.

हे चौघेही शिकलेसवरलेले होते. डीकन विद्युत्‌शास्त्राचा पदवीधर. टेलर दंतवैद्यकास गेला व मग जीवशास्त्राकडे वळला. मे पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी, आकाशातील धुळीवर संशोधन करणारा. त्याने ते संशोधन गाण्यासाठी अर्धवट टाकले आणि तीसपस्तीस वर्षांनी परत हाती घेऊन २००७ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजातून डॉक्टर ही पदवी मिळविली. मुलगा गाण्याच्या नादी लागून शिक्षण सोडील ह्या भीतीने ज्या घरांत पेटीचे झाकण उघडू देत नाहीत, त्या घरांनी हे उदाहरण खुशाल वाचावे. पण दुसऱ्या मुलाकडून तीच अपेक्षा करू नये. त्याची गिटारही नमुनेदार आहे. १९६३ मध्ये बापलेकांनी ती घरीच करावयास घेतली. मानेस जुन्या शेगडीच्या चौकटीचे महोगनी लाकूड, आत जुन्या मोटारसायकलीच्या स्प्रिंगा, पडद्यांच्या खुणांस आईच्या डब्यातील शिंपल्याच्या गुंड्या. तारा छेडावयास नखीऐवजी सहा पेन्सचे नाणे. हीच गिटार त्याने पुढे आयुष्यभर वाजविली.

१९७५ च्या नोव्हेंबरात ‘ए नाइट ॲट दि ऑपेरा’ ही तबकडी निघाली आणि तीतील ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ ह्या गीताने मेळ्याची कीर्ती जगभर केली. पाच मिनिटे पंचावन्न सेकंदांचे हे गीत नभोवाणीवर कोणी वाजविणार नाही, असे व्यापारी म्हणत होते. त्यात ध्रुपद नाही. शोकगीतापासून निघून ते संगीत नाटकाच्या विडंबनात शिरते, तेथून हार्ड रॉकच्या गडगडाटात आणि शेवटी एका उसाशात संपते. मधल्या नाटकी भागासाठी तिघा गायकांनी जवळजवळ तीन आठवडे आवाजावर आवाज चढविले, ते इतके की फीत झिजून पारदर्शक झाली. ब्रिटनमध्ये ते नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. ह्या गीताचे गुणवर्णन इतरांनी पुष्कळ केले आहे. आमच्या मते ती एक अप्रतिम कारागिरी आहे; पण क्वीनच्या चिरतारुण्याचे बीज तीत नाही. हे गीत दागिना आहे, आणि दागिना पाहणारा दूर उभा असतो.

बीज पडले ते मे १९७७ मध्ये, स्टॅफर्ड गावातील बिंगली हॉल ह्या सभागृहात. कार्यक्रम संपला, मेळा आत गेला, आणि लोकांनी घरी जाण्याऐवजी एकमुखाने एक गीत म्हणावयास आरंभ केला. ते क्वीनचे नव्हते. फुटबॉलच्या मैदानावर इंग्रज प्रेक्षक जे जुने नाट्यगीत गातात, ते होते. पडद्याआड उभे राहून चौघांनी ते ऐकले. कलावंतास येथे दोन गोष्टी वाटणे शक्य होते: एक, की हे लोक आमचे न गाता दुसऱ्याचे गातात, दुसरी, की ह्यांस गावयाचे आहे आणि आम्ही त्यांस जागाच ठेवली नाही. क्वीनने दुसरी गोष्ट मनास लावून घेतली. मे ह्याने विचार केला की दाटीत उभ्या माणसास करता काय येईल? पाय आपटता येईल, टाळी पिटता येईल, गाता येईल. दुसऱ्या दिवशी त्याच्या डोक्यात ‘वुई विल रॉक यू’ तयार होते. मर्क्युरीने त्याच्या जोडीस ‘वुई आर द चँपियन्स’ लिहिले. १९७७ च्या ऑक्टोबरात दोन्ही गीते एकाच तबकडीच्या दोन बाजूंनी बाहेर पडली.

पहिल्या गीतात ढोल नाही, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. वेसेक्स नावाच्या ध्वनिमुद्रणगृहात, जे पूर्वी प्रार्थनामंदिर होते, जुन्या लाकडी फळ्या पडल्या होत्या. त्यांवर मूठभर माणसांनी पाय आपटले. मूठभरांचा जनसमुदाय कसा करावा? मे ह्याने प्रत्येक ठोक्याच्या अनेक आवृत्त्या थोड्या थोड्या उशिराने जोडल्या आणि त्या उशिराची मापे मूळ संख्यांच्या प्रमाणात ठेवली, म्हणजे आवृत्त्या एकमेकींशी जुळून प्रतिध्वनीचा भास होऊ नये आणि ऐकणारास आपण हजारोंच्या मध्ये उभे आहो असे वाटावे. गणिताचा असा उपयोग आमच्या शाळामास्तरांनी आम्हांस सांगितला असता तर आमचे गुण कदाचित वाढले असते. असो.

आता व्याकरणाकडे येतो. दोन्ही गीतांचा कर्ता ‘वुई’ आहे. इंग्रजीस ह्या सर्वनामाचा एकच शब्द आहे. मराठीस दोन आहेत. ‘आम्ही जिंकलो’ म्हणणारा ऐकणारास बाहेर ठेवतो. ‘आपण जिंकलो’ म्हणणारा त्यास आत घेतो. मराठी घरात हा भेद तीन वर्षांचे मूल चुकत नाही; ‘आम्ही जत्रेला जाणार’ असे ऐकताच ते रडू लागते. मग मर्क्युरीचे ‘वुई’ मराठीत कसे उतरावे? छापील कागदावर ते ‘आम्ही’ वाटते, आणि मग हे गीत केवळ चार श्रीमंत तरुणांची बढाई ठरते. पण ते गायले जाताना ज्याने ऐकले आहे त्यास शंका राहत नाही की ते ‘आपण’ आहे. एका सुरावर सारे सभागृह त्यात ओढले जाते. स्वररचनाच अशी की ध्रुपदापाशी साध्या गळ्याच्या माणसासही हात घालता यावा. इंग्रजी भाषेने जो भेद केला नाही तो ह्या मेळ्याने संगीताने केला, आणि त्याच्या टिकाऊपणाचे मर्म आमच्या समजुतीप्रमाणे येथे आहे. जे गाणे ऐकणाराचे अर्धे कामकाज त्याच्याकडेच सोपविते, ते ऐकणारा बदलला की नवे होते. पेडगावच्या पोरांच्या हाती लागताच त्या ठेक्यास धूळ चिकटली आणि तो त्यांचा झाला.

ह्यात आपणांस अपूर्व असे काही वाटू नये. ज्या परभणी जिल्ह्यात आम्ही हे पाहिले, त्यातच गंगाखेड आहे, जनाबाईचे. आणि नामदेवाचे म्हणून मानले जाणारे नरसी आज हिंगोली जिल्ह्यात असले तरी १९९९ पर्यंत ह्याच जिल्ह्यात होते. कीर्तनकार निरूपण करतो, टाळकरी ध्रुपद उचलतात, आणि मग नामाचा गजर मंडपाच्या शेवटच्या खांबाशी टेकून बसलेल्या म्हातारीकडे जातो. शाहिराच्या मागे झीलकरी असतात ते ह्याच कामासाठी. अर्थात साम्य ताणू नये. कीर्तनाच्या मंडपात गाणारे व ऐकणारे दोघेही विठ्ठलाकडे तोंड करून असतात. क्वीनच्या सभेत तोंड करावयास समोर एक माणूस आहे, पिवळ्या कोटातला, हातात अर्धी तुटलेली माइकची काठी घेतलेला.

आणि आक्षेप येथूनच उठतो. अमेरिकेतील ‘रोलिंग स्टोन’ ह्या नियतकालिकाच्या परीक्षकाने १९७९ मध्ये ह्या मेळ्यावर फासिस्ट वृत्तीचा आरोप केला. एक माणूस उंचावर, हजारो खाली, सर्वांचे हात एकाच वेळी वर, आणि मुखी आपल्याच विजयाचा घोष: हे चित्र विसाव्या शतकाने अन्य ठिकाणी पाहिले होते. हा आरोप थट्टेवारी नेण्यासारखा नाही. ‘आपण’ ह्या शब्दाचा दुरुपयोग ‘आम्ही’ ह्या शब्दाहून अधिक झाला आहे. कारण ‘आम्ही’ निदान उघड वैर करतो, ‘आपण’ गळ्यात हात घालून मान आवळतो.

शिवाय मेळ्याने आरोपकर्त्यांच्या हाती एक कोलीतही दिले. ऑक्टोबर १९८४ मध्ये, दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाचे राज्य असताना, तेथील सन सिटी ह्या विलासनगरीत क्वीनने कार्यक्रम केले. संयुक्त राष्ट्रांनी पुकारलेला सांस्कृतिक बहिष्कार त्यामुळे मोडला गेला. ब्रिटनच्या वादकसंघाने दंड केला आणि मेळ्याचे नाव संयुक्त राष्ट्रांच्या काळ्या यादीत गेले. मेळ्याचा बचाव असा की आम्ही राजकारणी नव्हे, जो ऐकावयास येईल त्यास गाऊन दाखवितो. हा बचाव आम्हांस पटत नाही. जेथे दाराबाहेरच्या राज्यात माणसास मत नाही, हवे तेथे राहण्याची मुभा नाही, तेथे दाराच्या आत म्हटलेल्या ‘आपण’ला काय मोल? ज्याचे सारे बळ त्या एका सर्वनामात, त्याने ते कोठे उच्चारतो ह्याचा विचार इतरांपेक्षा अधिक करावयास हवा होता.

परंतु फासिस्टपणाचा आरोप आम्ही तरीही मान्य करीत नाही, आणि त्याचे कारण नऊच महिन्यांनी घडलेला एक प्रसंग आहे. इथिओपियातील दुष्काळग्रस्तांच्या साहाय्यार्थ १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेंब्ली मैदानावर व अमेरिकेत फिलाडेल्फियास एकाच दिवशी मोठे जलसे झाले. वेंब्लीस सुमारे ७२,००० लोक होते. त्यांनी तिकिटे काढली तेव्हा क्वीन येणार हे जाहीरही झालेले नव्हते. लोक पराक्याचे, वेळ दिवसाउजेडीची, दिव्यांची रोषणाई नाही, आणि अवधी जेमतेम एकवीस मिनिटांचा. मर्क्युरी पियानोवर बसला तो ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’चा आरंभ करून मध्येच उठला. टेलरने लिहिलेल्या ‘रेडिओ गा गा’च्या ध्रुपदास मैदानातील एकूणएक हात डोक्यावर जाऊन दोनदा वाजले. हे ते चित्र ज्यास परीक्षक भ्याला होता.

त्यानंतर मर्क्युरीने जे केले ते पाहावे. वाद्ये थांबवून त्याने केवळ गळ्यातून एक स्वर काढला, शब्दावाचून, व लोकांनी तो परत केला. मग जरा अवघड. मग तान. प्रत्येक वेळी पायरी चढती, गुरुजींनी वर्गाकडून पलटे घोटून घ्यावे तशी. आणि शेवटी इतकी वळणे घेणारी फिरत की ती बहात्तर हजारांस जमणे शक्य नव्हते. ती मोडली, लोक हसले, तोही हसला व पुढच्या गाण्याकडे वळला. हुकूमशहाच्या सभेत चुकण्यास जागा नसते. येथे लोकांचे चुकणे हाच खेळाचा रंग होता. पाचगणीच्या वर्गात बसलेले पोर आम्हांस त्या घटकेस दिसले. ते मास्तर झाले होते, पण मार्क देत नव्हते.

पुढच्या वर्षी, २७ जुलै १९८६ रोजी, हंगेरीत बुडापेस्ट येथे त्याने त्या लोकांचेच एक जुने लोकगीत त्यांच्या भाषेत म्हटले. भाषा येत नव्हती. शब्द तळहातावर लिहून घेतले होते व ते तो उघडपणे पाहत होता. ऐंशी हजारांच्या आसपास माणसांनी गीत त्याच्या तोंडून काढून घेतले. लोखंडी पडद्याआडच्या देशात पाहुण्याने यजमानांच्या ‘आपण’मध्ये शिरावे, तेही हातावर चिठ्ठी घेऊन, हे दृश्य आम्हांस वेंब्लीपेक्षाही अधिक आवडते. त्याच वर्षी ९ ऑगस्टला नेबवर्थ येथे मर्क्युरी मेळ्याबरोबर शेवटचा गायला.

त्यानंतरचा भाग दुःखाचा आहे. एड्स ह्या रोगाने तो खंगत चालला. वृत्तपत्रे दाराशी छायाचित्रकार बसवून होती. त्याने पाच वर्षे काही सांगितले नाही, आणि ध्वनिमुद्रणे मात्र उभे राहवत नसतानाही चालू ठेवली. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी आपणांस एड्स असल्याचे त्याने प्रसिद्ध केले. दुसऱ्या दिवशी तो वारला. वय पंचेचाळीस. तो आधी बोलता तर त्याच रोगाने गांजलेल्या इतरांस धीर आला असता, असे तेव्हाही म्हटले गेले, आजही म्हणतात. त्या म्हणण्यात दया आहे, तथ्यही असेल. पण ज्याने आयुष्यभर आपल्या गाण्यात लोकांस अर्धा वाटा दिला, त्याच्या रोगशय्येतही लोकांनी वाटा मागावा काय? आम्हांस वाटते, तेथे त्यास ‘मी’ म्हणण्याचा अधिकार होता. त्याचे अंत्यसंस्कार लंडनमध्ये जरथुष्ट्री धर्मगुरूंनी केले. फारोख बुलसारा ज्या प्रार्थनांत जन्मला त्यांतच गेला. तेथे प्रेक्षक फार थोडे होते.

मागे राहिलेल्यांनी २० एप्रिल १९९२ रोजी वेंब्लीस त्याच्या स्मरणार्थ जलसा केला व त्याच्या उत्पन्नातून एड्सविरुद्ध काम करणारा ‘मर्क्युरी फिनिक्स’ हा न्यास उभा राहिला. डीकन १९९७ नंतर निवृत्त झाला. मे व टेलर ह्यांनी प्रथम पॉल रॉजर्स व नंतर ॲडम लँबर्ट ह्या गायकांस घेऊन दौरे केले. गायकावाचून मेळा चालविणे म्हणजे कळसावाचून देऊळ, असे पुष्कळांनी म्हटले. पण लोक गावयास येतच राहिले, कारण त्यांच्या वाट्याचे अर्धे गाणे त्यांच्यापाशीच होते. १९८१ ची निवडक गीतांची तबकडी २०२२ मध्ये ब्रिटनपुरती सत्तर लाखांवर गेली. तेथे दुसऱ्या कोणत्याही तबकडीची इतकी विक्री तोवर झालेली नव्हती. २०१८ च्या बोलपटास चार ऑस्कर पारितोषिके मिळाली. त्यात कालक्रम फार सैल सोडला आहे; वेंब्लीच्या जलशापूर्वीच गायक आपला रोग सोबत्यांस सांगतो असे दाखविले आहे, ते इतिहासास धरून नाही. तथापि तो बोलपट पाहून आलेली मुले आपल्या आजोबांच्या तबकड्या उघडू लागली, हेही खरे.

सामना त्या सायंकाळी पेडगावची मुले हरली. शेवटची पाचसात मिनिटे उरली असता ठेका पलीकडच्या बाजूनेही उचलला होता, व मग तो कोणाचा राहिला नव्हता. दोन्ही रेघांवर तोच चालू होता आणि मधे गडी धापा टाकीत होते. अंधार पडल्यावर आम्ही त्या पोरांस मूळ मेळ्याची गोष्ट सांगितली. झांजिबार, पाचगणी, लंडन. ढोलावाचून फळ्यांवर आपटलेले पाय. बहुतेकांचे लक्ष शेंगांकडे होते. एक लहान मुलगा मात्र शेवटपर्यंत ऐकत होता. गोष्ट संपल्यावर त्याने विचारले, “काका, मंग ते कोणाकून व्हते?”

कोणाच्या बाजूने होते, हे आम्हांस सांगता येईना. आम्ही शेंगांची मूठ त्याच्यापुढे केली. त्याने दोनच उचलल्या आणि दिव्याच्या दिशेने पळाला.